एकदा ‘मरो मेला’ म्हण, दुच्चो

...आणि वर मलाच विचारतात, तू बोललासच कशाला. अहो, चार वर्षं तोंड उघडलं नाही तेव्हा हीच माणसं म्हणायची, हा घुम्या कधी बोलत का नाही, आणि एकदा, आयुष्यात एकदा बोललो, तर लाल मातीचा अख्खा हंगाम माझ्या बोकांडी. तुम्हाला सांगतो, माझ्यासारख्या माणसानं टायरच्या दुकानात गुपचूप टायरंच बदलावीत. शाळेला रामराम ठोकला तेव्हापासून मी तेच करतो. टायर काही विचारत नाही, आपण काही सांगत नाही, दोघंही सुखात. पण नाही. मला दुच्चोला शुभेच्छा द्यायच्या होत्या.

दुच्चो म्हणजे आमच्या गावचा दुच्चो बेनेदेत्तुच्ची. टेनिस खेळतो, पोटासाठी खेळतो. म्हणजे टीव्हीवर रोज दिसतात तसला खेळाडू नव्हे, टीव्हीवर रोज दिसणाऱ्यांशी पहिल्या फेरीत हरतो तसला. जगात एकशेकितवातरी. सिमेंटवर त्याला कुणीही हरवतं, गवतावर तर तो उभाच राहू शकत नाही, पण एप्रिल उजाडला आणि पायाखाली लाल माती आली की पोरगा असा घसरत घसरत चेंडूपाशी जातो की... काय सांगू, लोण्यातून सुरी. आणि यंदा त्यानं बारमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, कॉफीत साखर ढवळत, अगदी शांतपणे: ‘या मातीच्या हंगामात पहिल्या शंभरात आलो तर आलो, नाहीतर रॅकेट खुंटीला टांगतो आणि मामाच्या फरश्यांच्या दुकानात बसतो. अठ्ठावीस वर्षांचा झालो, आईनं धुतलेले मोजे घालून जगभर हिंडणं आता बरं दिसत नाही.’

फरश्या, तुम्हाला सांगतो. तो हात आणि फरश्या.

म्हणून तर आमचं चाहता मंडळ यंदा जिवावर उदार होऊन निघालं. अध्यक्ष इओलेबाई. निवृत्त होईपर्यंत या बाईनं गावातल्या प्रत्येकाचे केस कापलेत, त्यामुळे तिच्यासमोर मान खाली घालायची गावाला सवयच आहे. तिनं प्रिमोची जुनी मिनीबस ठरवली, बार्सिलोना, रोम, पॅरिस, सगळीकडे जायचं, आणि ज्या सकाळी दुच्चो क्लबच्या दारात गाडीत बॅगा भरत होता त्या सकाळी आम्ही सगळे त्याला निरोप द्यायला उभे. कुणी हात हलवतंय, कुणी पाठ थोपटतंय, आणि मला वाटलं, एलिओ, चार वर्षं या पोराच्या मागे हिंडतोस, एक अक्षर बोलला नाहीस, आज बोल. म्हणून मी पुढे झालो आणि म्हणालो, ‘दुच्चो, लांडग्याच्या तोंडी जा.’

आता मी काय वावगं बोललो, तुम्हीच सांगा. आमच्याकडे इटलीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. कुणी परीक्षेला निघो, ऑपरेशनला निघो, लग्नाला उभं राहो, त्याला ‘यश मिळो’ असं म्हणायचं नाही. म्हटलं की संपलं, नशिबाला ऐकू जातं. म्हणायचं, ‘लांडग्याच्या तोंडी जा.’ आणि जाणाऱ्यानं म्हणायचं, ‘मरो मेला.’ बस. आभार मानायचे नाहीत, लाजायचं नाही, ‘मरो मेला’ म्हणायचं आणि चालू पडायचं. कारण लांडग्याच्या जबड्यात उभं राहून माणूस ‘धन्यवाद’ म्हणाला तर लांडगा काय करील? गिळील.

आणि दुच्चो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘धन्यवाद.’

मग एकदम जो तो लोखंड शोधायला लागला. आमच्यात अपशकुन झाला की लोखंडाला हात लावतात, तर कुणी क्लबचं फाटक धरलं, कुणी गाडीचं दार धरलं, प्रिमोनं किल्ल्या मुठीत आवळल्या, आणि ज्या पुरुषांना लोखंड सापडलं नाही त्यांनी कुठे हात लावला ते मी इथे सांगत नाही. गाडी गेली. इओलेबाई माझ्याकडे वळली. ‘एलिओ,’ म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं होतं?’

‘मी फक्त...’

‘तू फक्त काय? तो तोंडात किल्ली धरून डिकी लावत होता, चार गोष्टींत लक्ष, आणि तू त्याला लांडगा दाखवतोस? आता हे तू लावलंस, तूच सोडव. त्याच्या तोंडून ‘मरो मेला’ वदवून घे, नाहीतर पुढच्या वर्षी फरश्या मोजायला ये.’

झालं. बार्सिलोनापर्यंत मी मागच्या सीटवर, एकटा, माझ्या शेजारी कुणी डबासुद्धा ठेवेना. तिथे पोचलो तर दुच्चो सरावाला आलेला, जाळीपलीकडे, आणि अलीकडे बाकावर एक मुलगी संत्रं सोलत बसलेली. मी जाळीला तोंड लावलं. दोन वेळा आवाजच फुटला नाही. तिसऱ्यांदा म्हणालो, ‘दुच्चो... लांडग्याच्या तोंडी जा.’

दुच्चोनं माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीकडे पाहिलं. आणि ती मुलगी संत्र्यावरून नजर न उचलता म्हणाली, ‘जगो बिचारा.’

ही निव्हेस. दुच्चोची नवी मैत्रीण, निरोपाच्या सकाळी त्याच्या गाडीत पुढे बसलेली. आणि काम काय करते विचारा. लांडगे मोजते. खरंच सांगतो, डोंगरातल्या अभयारण्यात बर्फातून हिंडते, कुठे पाऊल उमटलंय, कुठे काय खाल्लंय, किती उरलेत, मोजते. अख्ख्या इटलीत एवढ्या मुली, कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवते, आणि आमच्या हिऱ्याला सापडली ती लांडग्यांची बाजू घेणारी.

‘मोठ्या मुश्किलीनं वाढलेत रे ते,’ ती मला म्हणाली, अगदी प्रेमानं. ‘तुमच्या माणसानं मॅच जिंकावी म्हणून त्या जनावरानं का मरायचं? त्यानं काय केलंय?’

मला तर तिचं पटलंच. दुच्चो जाळीपाशी आला आणि हळूच म्हणाला, ‘एलिओ, तिला शब्द दिलाय रे मी. मरो म्हणवत नाही, जगो म्हटलं तर तुमची इओलेबाई मला जिवंत सोडणार नाही, म्हणून मधला मार्ग काढला. धन्यवाद.’

तुम्हाला सांगतो, त्याला माझं नाव माहीत होतं. मी त्या आनंदात असा विरघळलो की निव्हेसनं अर्धं संत्रं पुढे केलं ते घेतलं आणि खाल्लं. ते नेमकं इओलेबाईनं पाहिलं.

‘लांडग्यांच्या घरचं संत्रं खाल्लंस?’

‘गोड होतं हो.’

त्या दुपारी दुच्चो हरला. कुणाशी हरला विचारू नका, सतरा वर्षांच्या पोराशी. आणि बसमध्ये सगळ्यांनी अशी मान वळवून माझ्याकडे पाहिलं जशी काही ती सर्व्हिस मी केली होती. आता मी काय वावगं बोललो, तुम्हीच सांगा.

रोमला बाईनं सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. ‘याला असं एकेकट्यानं म्हणून नाही चालायचं,’ म्हणाली, ‘सगळ्यांनी एकदम म्हणायचं, तो बेसावध असताना. ठेच लागली की तोंडातून ‘आई गं’ निसटतं की नाही? तसं निसटेल. शब्द दिलेला मोडल्यासारखंही नाही, ती मुलगी रागावणारही नाही, आणि लांडगाही...’

‘मरेल?’ प्रिमोनं विचारलं.

‘तू गप्प बस.’

तर भर सामन्यात, दुच्चोनं सर्व्हिसला चेंडू वर फेकला, स्टेडियम चिडीचूप, आणि आमच्या मंडळानं एका सुरात, पोटातून, ‘दुच्चो, लांडग्याच्या तोंडी जा.’ दचकलाच तो. चेंडू खाली आला, त्यानं तो झेलला, आमच्याकडे वळला, तोंड उघडलं... आम्ही सगळे अर्धे उभे, इओलेबाईच्या ओठांवर तर त्याच्याआधीच ‘म’ आलेला... आणि तो म्हणाला, ‘जरा शांत बसता का, कृपया?’

कृपया, म्हणे. त्या पोराच्या आईनं त्याला इतकं वळण लावायला नको होतं. त्यानंतर दोन्ही सर्व्हिस जाळ्यात, पंचानं आम्हाला तंबी दिली, आणि तासाभरात आम्ही बाहेर, आमचा खेळाडूही बाहेर. आणि बसमध्ये माझीच हजेरी. म्हटलं, बाई, या वेळी तर कल्पना तुमची होती. म्हणाली, ‘मूळ कुणाचं?’

राहता राहिलं पॅरिस. तिथे पात्रतेच्या तीन मॅचेस, तिन्ही जिंकल्या तर मुख्य स्पर्धेत नाव, आणि मुख्य स्पर्धेत नाव लागलं की तो शंभरात. एक हरली की फरश्या. मला बसमध्ये घेतलं ते एका अटीवर, तोंड बंद. आणि बाईला माझ्यावर एवढा विश्वास की तिनं बडीशेपेच्या कडक गोळ्यांची पिशवीच माझ्या मांडीवर ठेवली. एक संपली की दुसरी. मी चोखत बसलो. आणि दुच्चो पहिली मॅच जिंकला. दुसरी जिंकला. मला बोलायचं नव्हतंच हो मुळात, पण आपण गप्प बसल्यावर जग इतकं सुरळीत चालतं हे पाहून जरा वाईट वाटतं की नाही?

तिसरी मॅच एका उंच डेन्मार्कवाल्याशी. तिसरा सेट. माझी जीभ बधिर. त्या डेन्मार्कवाल्याचा मॅच पॉइंट, त्यानं असा एक फटका मारला की चेंडू अगदी रेषेच्या कडेला, आणि रेषेवरचा माणूस ओरडला, ‘बाहेर.’ देव पावला. पण तो उंच माणूस ऐकेना. लाल मातीवर चेंडूची खूण उमटते ना, तर पंच खुर्चीवरनं उतरला, वाकला, एक खूण बोटानं दाखवली, म्हणाला बाहेरच. वाचलो. इओलेबाईनं माझा गुडघा असा दाबला की त्याचा डाग अजून आहे.

आणि दुच्चो तिथेच उभा. खाली बघतोय. बाईच्या तोंडून बारीक आवाज आला, ‘चल रे पोरा, नको बघूस, चल.’ तो वाकला. पंचानं दाखवलेली खूण जुनी होती. खरी खूण तिच्या शेजारी होती, रेषेला चिकटून, म्हणजे चेंडू आत आणि मॅच गेली. त्यानं पंचाला ती दाखवली, बुटानं पुसून टाकली, जाळ्यापाशी गेला आणि त्या उंच माणसाशी हात मिळवला.

सगळ्या पॅरिसनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी अख्खी गोळी गिळली. बाई मात्र बसूनच होती. म्हणाली, ‘जो लांडग्याला धन्यवाद म्हणतो, तो दुसरं काय करणार.’ आणि डोळे पुसले. मला काही म्हणाली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत निघालो तर दुच्चो बॅग घेऊन बसपाशी उभा. ‘जागा आहे का?’ निव्हेस आदल्या दिवशीच ट्रेननं गेली होती, डोंगरात कुठली तरी लांडगीण व्यायची होती. बसमध्ये मोकळी जागा एकच होती, आणि ती कुठे असणार? माझ्या शेजारी. बसला तो. मोठ्या बोगद्यातून इटलीत उतरलो तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘सोमवारपासून मामाकडे. दुकान उघडायची किल्ली देणार आहे म्हणतो.’

आणि मी... अहो, कुणी नव्या कामाला निघालं की काय म्हणायचं, हे आपल्या जिभेला आपल्याआधी माहीत असतं. मी म्हणालो, ‘लांडग्याच्या तोंडी जा, दुच्चो.’

बसमधल्या सगळ्यांचे हात सीटच्या दांड्यांवर गेले. प्रिमोनं ब्रेक दाबला.

‘मरो मेला,’ दुच्चो म्हणाला. स्वच्छ. मागच्या बसला ऐकू जाईल असं.

इओलेबाई हळूहळू वळली. ‘आत्ता?’ म्हणाली. ‘आत्ता म्हणालास? फरश्यांना?’

‘निव्हेस नाहीये ना इथे,’ तो म्हणाला, आणि हंगामात पहिल्यांदाच गाढ झोपला.

तेव्हापासून त्या दुकानाला जे यश लागलंय, तुम्हाला सांगतो, बघवत नाही. गिऱ्हाइकाला तो स्वतः सांगतो, ही घेऊ नका, हिचे कोपरे उडतात, तर लोक विश्वासानं दुप्पट घेऊन जातात. मामानं शेजारचा गाळा घेतला. सप्टेंबरात बोलोन्याला फरश्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे दुच्चोचा स्टॉल, आणि मंडळाची बस भरलीसुद्धा. गिऱ्हाइकानं सही केली की टाळ्या वाजवायच्या, असं बाईनं ठरवलंय. रॅकेट म्हणे खुंटीवरच आहे, धंदा बसला तर परत उचलीन म्हणतो. पण धंदा बसायला तर हवा.

म्हणून परवा मी दुकानात गेलो. कुणी नाही असं बघितलं आणि छातीवर दगड ठेवून त्याच्या तोंडावर म्हणालो, ‘दुच्चो, यश मिळो.’ सरळ सरळ. नशिबाला ऐकू जाईल असं. आता एवढ्यानं तरी काहीतरी बिघडावं की नाही?

त्याच दुपारी त्याला नव्या हॉस्पिटलची ऑर्डर आली. जमिनीची. आणि भिंतींचीही.