अर्धं पान आणि तीन चुली

लाइट गेली की तुम्ही शिव्या देता, मी मात्र एकदा गेलेल्या लाइटचे उपकार आजही मानते.

वडवणीजवळच्या आमच्या शाळेला तेव्हा फर्मान आलं होतं, इंटरनेटवरून माहिती काढून प्रकल्प करा. म्हटलं, प्रश्न पोरींनीच काढावा. सातवीतली शारदा म्हणाली, "बाई, आमच्या आडाच्या पाण्यात डाळ कावून शिजत न्हाई?"

पोरींना घेऊन मी जीपनं बीडच्या सायबर कॅफेत गेले. पान हळूहळू उघडत होतं, तसं मी मराठीत सांगत होते. "पाण्यात क्षार जास्त असले की डाळ शिजत नाही. खात्री करायची असेल तर..." आणि लाइट गेली. शेवटची जीप सुटेपर्यंत आलीच नाही.

सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब प्रकल्प बघायला येणार होते. मी रडकुंडीला आले. शारदा म्हणाली, "त्यात काय बाई? आपुन शिजवून बघू की."

साहेब आले तेव्हा शाळेच्या अंगणात तीन चुली पेटलेल्या, तीन ठिकाणचं पाणी, डाळ एकाच डब्यातली.

"बाई, यात इंटरनेट कुठंय?"

मी तिन्ही पातेल्यांवरची झाकणं काढली. आडाच्या पाण्यातली डाळ टणक राहिली, बोअरच्या पाण्यातली अर्धीकच्ची, नदीच्या पाण्यातली मऊ झाली, आणि साहेबांनी ती वाटीभर खाल्ली.

पुढं कधीतरी बीडला गेलो, तेव्हा ते पान पोरींना पुरतं वाचून दाखवलं. खाली लिहिलं होतं, वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी आणून डाळ शिजवून बघा.

शारदानं पडद्याकडं रोखून बघितलं.

"बाई, यांनी आपलं बघून लिव्हलं का काय?"