बापाच्या कोटावरचा दोरा

पुतणी : ...म्हणून म्हटलं, काका, शनिवारी तुम्ही यायचंच. वाचनालयाच्या सभागृहात आपल्या भाषेतले जुने सिनेमे दाखवतोय ना आम्ही, त्यात या वेळी तुम्ही कपडे शिवलेला सिनेमा आहे. पहिल्या रांगेत बसायचं!

टेलरमास्तर : दुसरं काहीही सांग. तुझा तो पडदा फाटलाय, तो फुकट शिवून देतो. पण तो सिनेमा नाही.

काकू : झालं सुरू. अगं, या घरात त्याचं नाव काढायची सोय नाही.

पुतणी : पण का?

टेलरमास्तर : का म्हणजे? सिनेमातल्या बापाचा काळा कोट घाईघाईत शिवून दिला मी. पक्की शिलाई झाली की कच्चा टाका ओढून काढायचा असतो, तो राहिला. खांद्यावर पांढरा दोरा, आणि पडद्यावर हा एवढा! पहिल्याच खेळाला मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उठलो तो थेट घर गाठलं.

पुतणी : तेवढ्यावर? मग पुढचं?

टेलरमास्तर : पुढचं कशाला बघू? अब्रूचे धिंडवडे निघाले ते काय कमी होते?

पुतणी : काकू, यांना खरंच माहीत नाही?

काकू : कोण सांगणार? विषय काढला की हे भरल्या ताटावरून उठायचे. मग मीही नाद सोडला.

टेलरमास्तर : काय माहीत नाही मला?

काकू : मी तो सिनेमा पाहिलाय. तीनदा.

टेलरमास्तर : काय? कधी?

काकू : माहेरी जायचे तेव्हा, ताईबरोबर.

टेलरमास्तर : माझ्या पाठीमागे!

काकू : तुमच्यासमोर बघायची सोय होती का? आता ऐका. शनिवारी मुकाट्यानं यायचं. नाही आलात तर मी एकटी जाईन आणि माईकवरून सांगेन, तो कोट आमच्या ह्यांनीच शिवलाय.

टेलरमास्तर : तू सांगशील?

काकू : सांगेन की! इतकी वर्षं संसार केलाय तुमच्याशी, घाबरते का काय?

(शनिवार. सभागृहात अंधार. पडद्यावर बस स्टँड.)

टेलरमास्तर : आला. तोच कोट. बघ, कसा लोंबतोय! चल, निघू.

काकू : बसा खाली. हात धरलाय मी.

टेलरमास्तर : अगं, सगळे दोरा बघतायत.

काकू : बघू द्या. ती पोरही बघतेय.

टेलरमास्तर : कुठली पोर?

काकू : पडद्यावरची हो! सिनेमाभर बापाशी अबोला धरलाय तिनं. आता घर सोडून चाललीय, तरी बोलत नाही. तिचा हात बघा कुठे जातोय.

टेलरमास्तर : ओढला... दोरा ओढला तिनं.

काकू : आणि बापाचं तोंड बघा.

टेलरमास्तर : रडतोय गं. लोकही रडतायत. तो पलीकडचा जाड्या बघ, नाक शिंकरतोय.

पुतणी : काका, इथे सगळेच रडतात. आणि हे लिहिलेलं नव्हतं म्हणे. तिला दोरा दिसला, तिनं ओढला, दिग्दर्शकानं कॅमेरा चालूच ठेवला.

टेलरमास्तर : आणि मी वेड्यासारखा तोंड लपवत फिरलो! अगं, सांगायचंस ना मला.

काकू : ऐकलं असतंत?

टेलरमास्तर : नसतं.

काकू : मग? डोळे पुसा आधी.

पुतणी : काका, चला ना हळूच मंचाकडे. सिनेमा संपला की दोन शब्द बोलायचेत तुम्हाला.

टेलरमास्तर : थांब गं जरा. त्या पोरीचं पुढे काय होतं, ते बघू दे मला.