माहेरवाशीण ग्रह

नाही, नाही, बोलायचं नाही — हनुवटी हलली की मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. काय सांगायचंय ते नंतर सांगा. कपाळ पट्टीला टेकवा... अजून थोडं... हं. आत रस्ता दिसतोय ना, आणि टोकाला एक घर? त्या घराकडे बघत राहा. आधी अंधुक होईल, मग स्पष्ट होईल. आणि मुलगी दुकानात नाहीये बरं का — मगाचपासून त्या मागच्या पडद्याकडे बघताय म्हणून सांगते. फ्रेमा आणायला गेलीये, येईलच. तोवर माझ्यावरच भागवा. आणि ह्या वेळी काय झालं? पुन्हा काडीच मोडली? अहो, एवढी वर्षं चष्म्याचं दुकान चालवतेय, शाळकरी पोरांचे चष्मे बघितले, चष्म्यावर बसणारी माणसं बघितली, पण इतक्या काड्या मोडणारं गिऱ्हाईक नाही बघितलं! आणि मोडतात त्याही नेमक्या मी जेवायला घरी गेले की. आज अंदाज चुकला तुमचा. आज मी डबा आणलाय. — हलू नका म्हटलं ना!

झालं. आता ही चौकट घाला, जड आहे, नाकावर नीट बसवा. डावा डोळा झाकलाय मी. खालची ओळ वाचा बघू. ... तो 'ड' नाही, 'ह' आहे. ... तो 'ह' नाही. राहू द्या. काच बदलते. ही बरी, का आधीची? ... ही? नक्की? कमाल आहे, समोरच्या भिंतीवरचं अक्षर दिसत नाही, आणि पेपरात फोटो काय तर म्हणे लांबच्या ताऱ्याभोवतीचा विचित्र ग्रह शोधला! हो, वाचलं मी. आधी फोटोतली फ्रेम ओळखली, आमच्याच दुकानातली, मग तुम्हाला ओळखलं. मला आपलं वाटलं, शोधला म्हणजे बघितला असेल दुर्बिणीतून, असा गोल, रंगीत. पुढे वाचते तर काय — बघितलाच नाही! दिसला तो नुसता तारा, आणि तो तारा जागच्या जागी जरासा डुलत होता. आता तारा उगाच कशाला डुलेल? कोणीतरी ओढत असणार त्याला, आपल्याला न दिसणारं. त्या डुलण्यावरून तुम्ही लोकांनी ग्रह ठरवला, किती मोठा, किती लांब, कसा फिरतो ते सगळं. एवढंच करायचं होय? मग असे शोध मीही लावलेत की. एक तर आत्ता माझ्या समोर बसलाय, चौकट घालून.

काय झालं? घाम पुसा, काचेवर वाफ धरतेय. अहो, माझी मुलगी म्हणजे कामात एकदम काटेकोर. काचा कापणं, बसवणं, सगळं तिच्याकडे. कधी चूक म्हणून नाही. आणि गेल्या थंडीत तिने आमच्या जुन्या मास्तरांच्या उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली! मास्तर फुटपाथ सोडून भलत्याच ठिकाणी पाय टाकायला लागले. मी विचारलं, काय ग, लक्ष कुठे आहे? म्हणे, कुठे काय! मग एकटीच हसायला लागली. फोन आला की गल्लीत जाऊन बोलायचं — आमच्या गल्लीत, जिथे ट्रकचा आवाज आणि कचऱ्याचा वास, तिथे कोण हौसेने जाऊन उभं राहतं? आणि एक दिवस जेवताना मला विचारते, आई, दोन सूर्य असलेल्या ग्रहावर सावल्या किती पडत असतील? आता ह्या घरात सूर्याचा विषय फक्त कपडे वाळले का एवढ्यापुरता! म्हटलं, संपलं, कोणीतरी ओढतंय हिला. मला कोणी काही सांगितलेलं नाही बरं का. अजूनही नाही.

दुसरा डोळा. ... ही काच, का ही? ... बरं. पण तुमचा तो ग्रह मला आवडला हो. बाकीचे आपले ताऱ्याभोवती गोल गोल, आणि हा लांबच लांब जातो, पार गोठून जाण्याइतका लांब, आणि मग वळतो. असंच लिहिलं होतं ना? आणि जवळ यायला लागला की वेग वाढतो त्याचा, धावत सुटतो नुसता. त्याला तुम्ही काय ते अक्षरं आणि आकडे मिळून नाव दिलंय, मोटारीच्या नंबरसारखं. मी वाचलं आणि म्हटलं, अरे, ही तर माहेरवाशीण! ... हसा, हसा. पण मग पुढची ओळ वाचली. जवळ आला की इतका धावतो, की लगेच वळसा घालून निघूनही जातो. सगळा वेळ लांबच. ताऱ्याजवळ कितीसा राहतो रे तो? ... सांगू नकोस. कळलं मला.

आणि त्याच बातमीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की तू समुद्रापलीकडच्या डोंगरावर चाललायस, मोठ्या दुर्बिणीवर, कायमचा. पेपर घडी करून ठेवला मी. त्या संध्याकाळी ती काय म्हणाली माहितीये? आई, काचा कापायचं मशीन शिकून घे की तू, मी शिकवते. कधी मला त्या मशीनला हात लावू दिला नव्हता! तेव्हापासून रोज शिकवतेय. आणि रोज माझ्या हातून काच फुटतेय. बिचारी चिडत नाही, दुसरी काच लावते, पुन्हा दाखवते. तुला म्हणाली असेल ना, आईला जमेपर्यंत थांब? ... वाटलंच. अरे, जमतं मला! दुसऱ्याच दिवशी जमलं. मी जरा जास्त दाबते, की फुटते. मला नाही जमलं तर ती जायची नाही, एवढा सोपा हिशोब. भीती वाटते मला. ती गेल्यावर ह्या दुकानात मी दिवसभर कोणाशी बोलणार? गिऱ्हाइकाला तर मी बोलूच देत नाही... — तू कशाला डोळे पुसतोस? तपासणी चाललीये ना तुझी!

थांब. कुलपाचा आवाज आला, मागच्या दाराने आली ती. नीट बस. मी काही बोलले नाही, तू काही ऐकलं नाहीस.

आलीस का ग? ठेव त्या फ्रेमा तिथे. हे एक साहेब आलेत, काडी मोडलीये म्हणे, नंबरही वाढलाय. तुझ्या ओळखीचे आहेत का? ... नाहीत? बरं. तू बस, पाणी पी. आणि तो ॲप्रन मला दे. अगं, दे म्हणते ना. साहेबांच्या काचा आज मी कापणार आहे. ... हो, मशीनवर. ... नाही फुटायच्या. ... मी सांगते ना, नाही फुटायच्या आता. ... रडायला काय झालं तुला? — आणि साहेब, तुम्ही काय बघत बसलात? उठा, खुर्ची मोकळी करा.