कोणत्या देशाचे घोडे?

…नाही, मला एक सांगा, जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला घरी बोलावून, समोर पोह्यांची बशी ठेवून, "सर, पन्नास घोडे म्हंजे कितला हो?" असं विचारल्यावर त्या माणसाने काय करायचं? पोहे खायचे? खायलाच हवे होते! चुकलं असेल माझं, नाही म्हणत नाही… पण विचारलं त्यांनी होतं हो!

तुम्हाला सांगतो, नातीचं लग्न ठरायचं होतं. ज्योत्स्ना आणि तो हितेंद्र, दोघांचं आपसात केव्हाच ठरलेलं. आम्ही मोठ्यांनी फक्त मुलाचं घर बघायचं आणि मान डोलवायची. जळगावहून धुळ्यापर्यंत एसटी, पुढे त्यांच्या गावापर्यंत रिक्षा. रिक्षात नात हात जोडून म्हणते, "आबा, काहीही विचारलं तरी हो म्हणा. समजावून सांगू नका. मागच्या स्थळाला तुम्ही इन्व्हर्टर समजावला होता." समजावला होता, खरं आहे. ते पुन्हा आले नाहीत, हेही खरं आहे.

अंगणात नवाकोरा ट्रॅक्टर, त्याला झेंडूचा हार. मुलाचे वडील गुलाबभाऊ त्याच्या चाकावर असा हात ठेवून उभे, की लग्न त्याचंच आहे. "सर, पन्नास घोडास्ना शे!" मग अंगणातच खाटेवर बसलो, पोहे आले आणि तो प्रश्न. आणि माझ्या तोंडून, शपथेवर सांगतो, आपोआप निघालं… "कोणत्या देशाचे?"

झालं! एकदा तोंड उघडलं की ते मिटायला माझ्याकडे कुठे सोय आहे? म्हटलं, गुलाबभाऊ, इंग्रजांची हॉर्सपॉवर सातशे सेहेचाळीस वॉटची. जर्मन म्हणतात फेर्डेश्टेर्के, म्हणजे घोड्याचा जोर. फ्रेंच म्हणतात वाफेचा घोडा, रशियन लोशादिनाया सीला, आपण अश्वशक्ती. पण जर्मन-फ्रेंचांचा घोडा सातशे पस्तीसच वॉटचा, म्हणजे कमी… हा 'कमी' कशाला उच्चारला मी? गुलाबभाऊंचा चेहरा उतरला. "मंग आमना घोडा हलका शे का?" अहो, तुमचा नाही, फ्रेंचांचा! पण ऐकतंय कोण? हितेंद्र जमिनीकडे बघतोय, ज्योत्स्ना माझ्याकडे बघतेय, आणि ते बघणं… जाऊ द्या.

त्यात ओट्यावरून गुलाबभाऊंच्या आई, लिलाबाई. "बठ्ठा मुलुखमा घोडाच? बैल कोठेच नही?" नाही हो आजी, सगळ्या मुलखांत घोडाच, बैल एकाही भाषेत नाही. "मंग आमना बैलस्नी काहीच नही करं?" बैलांनी काहीच केलं नाही का, याला आता काय सांगू? आपल्याकडे घोडा कधी वखराला जुंपलाय? घोड्यावर नवरदेव बसतो, तोही तासाभराच्या भाड्याने! पण हेही मी मोठ्याने बोललो. नवरदेवासमोर. चुकलं असेल माझं, नाही म्हणत नाही…

गुलाबभाऊ उठले. "बरं सर, पुढलं कळवतो." कळवतो! ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी. मी घाबरून, अक्षरशः घाबरून ओरडलो, "अहो, फ्रेंचांचा घोडा हलका, म्हणजे त्याच कामाला घोडे जास्त लागतील! त्यांच्या मापाने तुमचा ट्रॅक्टर पन्नास पूर्णांक सात दशांश!"

गुलाबभाऊ थांबले. "म्हंजे एकावन?" म्हटलं, नाही, पन्नास पूर्णांक… "सर. एकावन शुभ आकडा शे. लगनघर शे. एकावन ना?"

तुम्हाला सांगतो, तीन दशांशाचा प्रश्न होता. तीन दशांशासाठी मी मुलं नापास केली आहेत हो! नातीकडे पाहिलं. पोह्यांकडे पाहिलं. आणि म्हणालो… "हो."

पेढे! मिठ्या! लिलाबाई म्हणाल्या, मास्तर चांगला शे, फक्त बोलस जास्ती.

परवा ज्योत्स्नाने फोनवर फोटो दाखवला. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर रंगवून घेतलंय, '५१ फ्रेंच घोडे', आणि खाली, 'तपासले : डॉ. अभिमन सर, पीएचडी'. माझ्या प्रबंधाची पानं कुणी उलटली नाहीत, हे मात्र सगळा हायवे वाचतोय! चुकलं असेल माझं, नाही… नाही, चुकलंच आहे, दशांशात चुकलंय!

आणि आज सकाळी दार उघडतो तर फाटकापुढे दोन ट्रॅक्टर, धुळ्याहून आलेले, गुलाबभाऊंचे पाहुणे. "सर, आमनाबी घोडा वाढाई द्या ना."

…दिले वाढवून. काय करता?