वरच्या भागाला दुखापत

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या महापौर श्रीमती लोरना पेटिग्रू, व्यासपीठावरचे प्रशिक्षक ड्युएन फ्रोसे, संघातले आजीमाजी खेळाडू, आणि स्वयंपाकघरातून पेरोगींचा वास आल्यापासून चुळबुळणारे माझे गावकरी हो,

निवृत्त होतोय ऑरेस्ट हालचुक, आणि भाषण मात्र मला, त्याच्या बायकोला. हाही न्यायच म्हणायचा. त्याचे गोल, चषक, पडलेले दात, सगळं ड्युएननी सांगितलंच आहे. ड्युएन, तुम्ही दोन दात कमीच सांगितलेत, पण असू दे.

मी थकलेय, म्हणून सरळच बोलते. आइस हॉकीत कुठे लागलं ते कुणी सांगत नाही. सांगितलं तर समोरचे नेमके तिथेच धडकतात. म्हणून खांदा असो, बरगडी असो, पेपरात एकच छापून येतं: 'हालचुक, अंगाच्या वरच्या भागाला दुखापत.' पण मंडळी, डोकंही वरच्याच भागात येतं ना? ते कितीदा आपटलं, हे मलाही पेपरातूनच कळायचं, म्हणजे कळायचंच नाही. याने सगळं अंगावर काढलं.

गेल्या हिवाळ्यात मुलीला शाळेतून गाडीने घरी आणताना याने मला फोन केला. "मार्टा, आपलं घर कुठल्या वळणावर गं?" मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, "जिथे तुझी सासू राहत नाही, तिथे वळ." तो हसला नाही. मागून पोरगीच त्याला रस्ता सांगत होती. घरी आल्यावर विचारलं, काय होतंय तुला? तर म्हणतो, "काही नाही गं, वरच्या भागाला जरा लागलंय."

स्वतःच्या बायकोला! मी समोरच्या संघात होते का?

डॉक्टर म्हणाले, आता एकही धडक नको. हा हो म्हणाला. म्हणून तर आजचा समारंभ. आणि काल पश्चिमेकडच्या एका संघाचा फोन आला, अजून एक हंगाम खेळशील का? याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, समारंभ होऊ दे, मग सांगतो. तुम्ही 'अजून एक वर्ष' म्हणून ओरडणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तुमचं प्रेम मोठं आहे, नाही कुठे म्हणतेय मी? पण सकाळी त्याच्या मोज्यांची जोडी मी लावून देते, तुम्ही नाही.

भिंतीशी टेकवलेल्या त्या काठ्या मी पाहिल्यात. पडलेला खेळाडू उठावा म्हणून सोबती बर्फावर काठ्या आपटतात, ही आपली रीत. ऑरेस्ट म्हणतो, तो आवाज आला की पाय आपोआप उठतात, डोक्याला विचारत नाहीत. त्याच आवाजावर तो दर वेळी उठला, आणि दर वेळी परत खेळायला गेला.

लोरनाताई, तुम्ही बोलायला उभं केलंत, आभारी आहे. आनंदाच्या दिवशी रडगाणं गायले, त्यात कुणाला टोचलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

एकच मागणं. ऑरेस्ट, तू उठू नकोस. खुर्चीतच बस, माझ्याकडे बघ.

आणि पोरांनो, आता घ्या त्या काठ्या. तो बसलाय, तोवरच वाजवा.