मावशींच्या रजेचे दिवस

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे विभागप्रमुख. व्यासपीठावर बसलेल्या माझ्या मार्गदर्शक मॅडम. जिच्यासाठी हे सभागृह भरलंय ती आमच्या प्रयोगशाळेची लाडकी मदतनीस आणि आज निवृत्त होणारी सत्कारमूर्ती, मावशी. मावशींचे यजमान, लेक, जावईबापू. आणि मागच्या रांगेतून चहाच्या टेबलावर नजर ठेवून असलेल्या माझ्या संशोधक मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि माझा प्रबंध तीनशे बारा पानांचा आहे. घाबरू नका, वाचणार नाही! डॉक्टर होऊन मला अकरा दिवस झालेत, डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

माझा विषय भीती आणि स्मरणशक्ती. प्रयोग अगदी साधा. बाहेरच्या खोलीत निम्म्या लोकांना मी कागदावरून वाचून दाखवायचे, "ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे, निकाल नोंदवला जाईल." उरलेल्यांना नुसतं, "तीस शब्द दिसतील, आठवतील तेवढे लिहा." मग मी आत जाऊन संगणक सुरू करायचे आणि दोन मिनिटांनी त्यांना बोलवायचे. घाबरलेल्यांना कमी शब्द आठवणार याची मला इतकी खात्री, की शेवटचं प्रकरण आधीच लिहून ठेवलं होतं.

दीड वर्षात नव्वद लोक झाले. आणि निकाल? दोन्हीकडे सारखेच शब्द! मुदत संपायला दहा महिने, वाढवून मिळणार नाही, म्हणजे सहा वर्षं पाण्यात. आई म्हणाली, "घाबरल्यावर माणूस विसरतो, हे मी तुला उभ्या उभ्या सांगितलं असतं!"

एक दिवस मधलं दार नीट लागलं नाही. बाहेर एक मुलगी पांढरीफटक होऊन बसलेली, आणि मावशी तिच्या हातात पाण्याचा पेला देत म्हणत होत्या, "अगं, परीक्षा-बिरीक्षा काही नाही ही. आमची पोर सगळ्यांना असंच घाबरवते. कागदावर तसं लिहिलंय, ती तरी काय करणार! निवांत बस."

मी धावत बाहेर. "मावशी, हे किती जणांना सांगितलंत?"

"सगळ्यांना. का गं? तोंडं बघवत नाहीत त्यांची."

आता सांगा, या बाईवर रागवायचं तरी कसं? मी रागावले. चांगली तावातावाने रागावले, आणि मग भोकाड पसरलं. मावशींनी मलाही पाणी दिलं.

मॅडम मात्र (मॅडम, सांगू ना?) खुर्चीत गदागदा हसत होत्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "मावशी रजेवर कधी होत्या, ते बघ." हजेरीपट उघडला. लेकीच्या बाळंतपणात तीन आठवडे रजा! त्या दिवसांत मी घाबरवलेल्या आठ जणांना सरासरी सात शब्द आठवले होते, आणि मावशी असताना घाबरवलेल्यांना बारा. मी व्हरांड्यात अक्षरशः उड्या मारल्या. जावईबापू, तुमच्या बाळाचे आभार प्रबंधाच्या दुसऱ्याच पानावर आहेत.

पण आठ माणसांवर कोण पदवी देतंय? म्हणून नवा प्रयोग: काहींना मावशी, काहींना नाही. 'नाही'च्या दिवशी मावशींना गप्प बसायला सांगितलं, तर त्या घसा खाकरायच्या, भुवया उडवायच्या, लांबूनच हाताने "काही नाही, काही नाही" करायच्या! शेवटी त्यांची रवानगी ग्रंथालयात केली. निकाल तोच आला, आणि मुदतीच्या चार दिवस आधी प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एकच प्रश्न लावून धरला. "हे या मावशींमुळे होतं, की कुणीही दोन शब्द बोललं तरी होईल?" मी म्हटलं, "सर, माहीत नाही. आमच्याकडे एकच मावशी आहेत."

ते शोधायचं काम मॅडमनी आता माझ्याकडेच दिलंय. उद्या नव्या बाई रुजू होतायत. त्यांना काहीही न सांगता काय होतं, ते पाहायचं. काल मावशींनी विचारलं, "तिला काय काय सांगून ठेवू गं?" मी म्हटलं, "काहीच सांगू नका." "बरं," म्हणाल्या, आणि पेले पुसत राहिल्या. रात्रभर मला ती पांढरीफटक मुलगी दिसत राहिली.

अध्यक्षांनी घंटा वाजवली आहे. तुम्ही सगळ्यांनी इतकं हसून ऐकलंत, मनापासून आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. एक चूक मात्र मी सगळ्यांदेखत, जाणूनबुजून करणार आहे. मॅडम, तिची माफी आधीच मागते.

मावशी, नव्या बाईंना सगळं सांगा.