शेंदराखालची हद्द

काय सांगू तुम्हाला, आमचं मूळ गाव कर्जतकडं म्हनत्यात, पन म्या ते डोळ्यानं पाह्यलं न्हाई. मी जल्मले पुनतांब्याच्या अंगाला, कारखान्याच्या तीन नंबर मळ्यावर, अन् दिली पाच नंबरला, म्हंजे माह्यार सासर सगळं उसातच. जमिनी शेतकऱ्यांच्या, कारखान्यानं खंडानं घेतलेल्या, आमी निसते राबनारे. आता त्या जमिनी वारसांना माघारी मिळू लागल्यात.

तर केडगावचे एक मास्तर आले, म्हातारे, संगं मोजणीवाला. जुना नकाशा हुता, कापडावर चिकटवलेला. आजी, ह्ये माझ्या आज्याचं शेत बघा म्हनले, अन् बोट ठिवताना रडलेच. म्या म्हनलं आमची चाळ कुठं हाय यात. तर म्हनले तवा चाळ नव्हतीच, हद्दीचा दगड तेवढा दावलाय.

मोजणीवाला दगड हुडकत चाळीमागं उगवतीला आला, आमच्या म्हसोबापाशी. बाया नको नको म्हनत असताना त्यानं शेंदूर उकरला, आत छिन्नीची खूण. म्हनला हीच हद्द, इथून उगवतीला मास्तरांचं, चाळ बाहेर राहिली. समदी चाळ हासली, म्या तेवढी मागं सरले.

कारन मला ठावं हुतं. सासऱ्यानं मरताना सांगितलं हुतं, कारखान्याच्या सायबानं एकच लांब वावर करायला बांधावरले दगड उपटाया लावले, बाकीचे फोडले, ह्यो फोडाया हात उठंना, म्हनून चाळीमागं आनून ठिवला अन् शेंदूर लावला, कुनाला बोलू नको. खरी जागा मावळतीला, जुन्या विहिरीपाशी. तिथून मोजलं की चाळ मास्तरांच्यात जाती. पन हद्द हलवली की वंश बुडतो म्हनत्यात ना, अन् माजी पहिली दोन लेकरं बारशाआधी गेली. व्हय, तवापासून भ्याले ती भ्यालेच. आता नातसून पोटुशी हाय, सातवा सरला तिला.

मग म्या बोलले. लई चांगली म्हनून न्हाई हो, भ्यानं बोलले. मास्तरांच्या म्होरं विहिरीपाशी जाऊन हुभी राहिले, ह्यी जागा म्हनलं. मास्तर खाली बघत निघून गेले. आता फिरून मोजणी पुढल्या महिन्यात हाय. पोरगा म्हनतो आये, आज्याचं पाप झाकायचं सोडून तू घर घालवलंस.

घर जाईल न्हाई तर ऱ्हाईल, मास्तरांच्या मनात काय ते मला कसं ठावं. मी आपली रोज पानी घालती दगडाला. म्हनती, बाबा, तू देव हाइस का दगड, तुजं तू ठरव, म्या तुजी जागा सांगितली, आता आमच्या बाळाला हात लावू नगस.